रसायनं सोसत नाहीत, मग दातात भरायचं काय?

सायली_सांगली
नमस्कार. पोस्ट लांब आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी नीट सल्ला देऊ शकणार नाही म्हणून सगळं लिहिते.

मला बरीच रसायनं सोसत नाहीत. खोटं कानातलं घातलं की पाळ्या चिघळतात. एकदा हेअर डाय लावला तर पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. अत्तर, फिनेल, ताजा ऑइलपेंट यांच्या वासानं डोकं धरतं, घसा आवळल्यासारखा होतो. आता दोन दाढांचं काम निघालंय. वरच्या दाढेत लहान कीड आहे. खालच्या दाढेतलं जुनं चांदीचं फिलिंग कडेला तुटलंय आणि त्याच्या खाली कीड शिरलीय.

विश्रामबागेतले आमचे डॉक्टर म्हणतात, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरू. मिरजेत दुसरं मत घेतलं, ते म्हणाले तुमच्या प्रकृतीला ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट बरं. पुण्याची आतेबहीण रोज फोन करून सांगते, तोंडातली सगळी चांदी आधी काढून टाक. तिघंही माझ्या भल्याचंच सांगताहेत आणि माझं काही ठरत नाहीये.

असा त्रास असणाऱ्यांनी काय भरून घेतलं? पुढे काय झालं? हे मनाचे खेळ आहेत असं कृपया कुणी लिहू नका, ते घरात रोज ऐकते.

वाईकर
आतेबहीण बरोबर सांगतेय. आपण ज्याला चांदी म्हणतो त्यात निम्मा पारा असतो. चावताना, गरम चहा पिताना त्याची थोडी थोडी वाफ निघत राहते. युरोपियन संघानं १ जानेवारी २०२५ पासून हे फिलिंग जवळपास बंद केलं. तिकडं जे चालत नाही ते आपल्या तोंडात का ठेवायचं? सगळं एकदाच काढून मोकळ्या व्हा.

कृष्णाकाठी
+१. जपानमध्ये मिनामाताला पाऱ्यानं लोकांचं काय झालं ते सगळ्यांनी वाचावं.

कराडचा_दंतवैद्य
याच व्यवसायात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वाईकरांची माहिती खरी आहे, निष्कर्ष मला पटत नाही.

पारा वजनानं साधारण निम्मा, बाकी चांदी, कथील, तांबं. वाफ निघते हेही खरं. पण सगळ्यात जास्त वाफ निघते ती फिलिंग भरताना आणि ड्रिलनं उकरून काढताना. चांगली बसलेली सगळी फिलिंगं एका बैठकीत उकरली तर जो पारा टाळायचा तोच पेशंटच्या नाकातोंडात जातो. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मज्जासंस्थेचे किंवा किडनीचे आजार असलेले आणि पारा किंवा त्यातला दुसरा घटक न सोसणारे लोक यांनी नवीन चांदी शक्यतो भरू नये. त्याच सूचनेत हेही आहे की सुस्थितीतली जुनी फिलिंगं वैद्यकीय गरज नसताना काढू नयेत.

कृष्णाकाठी, मिनामाताचा पारा कारखान्यातून समुद्रात गेला, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. तो मिथिल पारा होता. दातातला पारा धातूंच्या मिश्रणात असतो, शरीरात तो तसा वागत नाही. त्या गावाच्या नावानं झालेला करार २०१७ पासून लागू आहे, आपला देशही त्यात आहे, आणि नोव्हेंबर २०२५ च्या बैठकीत दातांच्या चांदीचा वापर २०३४ पर्यंत थांबवायचं ठरलं. त्यामागं पर्यावरण हे मोठं कारण आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून पारा गटारात जातो, आणि आपली गटारं कुठं जातात ते आपल्याला ठाऊक आहे.

सायलीताई, तुमचं तुटलेलं फिलिंग मात्र काढावंच लागेल, कारण खाली कीड आहे. काढताना दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावायला सांगा. पाण्याचा भरपूर फवारा हवा, जोरदार सक्शन हवं, आणि पूर्ण भुगा करण्यापेक्षा मोठे तुकडे पाडून उचलायला सांगा. एवढं केलं तर भिण्याचं कारण नाही.

मिरजकर_काका
एवढं कशाला? लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा. आमच्या आईनं आयुष्यभर तेच केलं. त्यात कुठलं आलंय रसायन!

डॉ_अबोली
काका, हात जोडून विनंती, या ताईंना हे सुचवू नका. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. लवंगेच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल, आणि अत्तरांची ॲलर्जी तपासायला आम्ही पाठीवर जे मिश्रण लावतो त्यात युजेनॉल असतंच. ज्यांना सुगंधी वस्तू सोसत नाहीत त्यांच्यातल्या काहींच्या हिरड्या लवंगतेलानं सोलवटून निघतात. दातात तात्पुरतं भरतात ते पांढरं सिमेंट पुष्कळदा झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचंच असतं. डॉक्टर "सध्या साधं औषध भरतो" म्हणाले, तर ते कुठलं आहे हे आधी विचारा. युजेनॉल नसलेलं तात्पुरतं सिमेंटही मिळतं.

आता मूळ प्रश्न. कुठलंच मटेरियल सगळ्यांना सुरक्षित नसतं. तुम्हाला नेमकं काय सोसत नाही हे कळल्याशिवाय कॉम्पोझिट की ग्लास आयनोमर हा वाद अर्धवट राहतो. त्यासाठी पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर छोट्या कपांतून एकेक घटक चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी बघतात. धातू असतील तर आठवड्यानंही एकदा बघावं, काही धातू उशिरा उमटतात. नेहमीच्या संचात निकेल, क्रोमेट, हेअर डायमधलं पीपीडी, सुगंधी मिश्रण असतं. दातांच्या साहित्याचा संच वेगळा असतो, तो प्रत्येकाकडे नसतो, म्हणून वेळ घेतानाच विचारा. त्यात हेमा, बिस-जीएमए, टीईजीडीएमए (ही तिन्ही कॉम्पोझिट किंवा ते चिकटवायच्या द्रावणातली रसायनं), पारा, पॅलेडियम हा धातू, युजेनॉल हे घटक असायला हवेत.

पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे जमणं अवघड, थंडीत करा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल चुकतो, तेही सांगा.

सायली_सांगली
अबोलीताई, मनापासून आभार. खोट्या कानातल्याचा आणि हेअर डायचा दाताशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं.

डॉ_अबोली
थेट संबंध आहे. खोट्या कानातल्याचं कारण बहुतेक निकेल. स्वस्तातल्या बऱ्याच कॅप निकेल-क्रोमियमच्या असतात, वरून सिरॅमिक चढवलं तरी आत निकेलच. हेअर डायचं कारण बहुतेक पीपीडी. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यातल्या काहींना बेन्झोकेनही सोसत नाही, आणि इंजेक्शनच्या आधी हिरडी बधिर करायच्या काही जेल-स्प्रेमध्ये बेन्झोकेन असतं. इंजेक्शनमधलं लिग्नोकेन वेगळ्या कुळातलं आहे, त्याला सहसा अडचण येत नाही. तेव्हा जेलची ट्यूब उलटून नाव वाचा.

बेदाणा_तासगाव
नमस्कार. ह्यो धागा वाचून इंजेक्शनचा विषय निघाला म्हनून लिवतो. आमची द्राक्षबाग हाय आन बेदाण्याचं शेडबी. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हनून शेडमधी गंधकाची धुरी देतात. आमच्या थोरल्या भावाला त्या धुरीनं दम लागतो, आधीपासून दमा हायच. दाढ काढायला गेला तवा डॉक्टरनं सगळं इचारलं, कशाचा धंदा, कशानं दम लागतो. धुरीचं ऐकल्यावर म्हनले, नेहमीचं इंजेक्शन तुम्हाला देत नाही, दुसरं मागवतो. दोन दिवसांनी बोलावलं आन दाढ काढली, काय बी तरास झाला न्हाई. त्या डॉक्टरांनी एवढं का इचारलं ते आम्हाला अजून उमगलं न्हाई. कुनी सांगंल का?

कराडचा_दंतवैद्य
दादा, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रेनालिन घातलेलं असतं, त्यानं बधिरपणा जास्त वेळ टिकतो आणि रक्त कमी येतं. ॲड्रेनालिन हवेशी संयोग पावून खराब होऊ नये म्हणून त्यात मेटाबायसल्फाइट घालतात. गंधकाच्या धुरीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि हे सल्फाइट एकाच घरातले. दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. त्यांच्यासाठी ॲड्रेनालिनशिवायचं इंजेक्शन मिळतं. बधिरपणा लवकर उतरतो, काम भराभर उरकावं लागतं, एवढंच.

तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ भागातून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला हा प्रश्न विचारला पाहिजे. मी उद्यापासून माझ्या केसपेपरवर तो छापून घेतो.

बेदाणा_तासगाव
लई उपकार साहेब. आता भावाच्या आधार कार्डाच्या पाकिटात चिठ्ठीच लिवून ठेवतो.

गोडोलीची_प्रज्ञा
साताऱ्यात पार्लर चालवते. माझा अनुभव कॉम्पोझिटचा आहे आणि बायकांनी तो जरूर वाचावा.

जेल नेल्सचं काम सुरू केल्यावर माझ्या बोटांची टोकं फुटायला लागली. भेगा पडायच्या, लाल व्हायची, कांदा चिरताना डोळ्यांऐवजी बोटांतूनच पाणी यायचं. साबणाचा त्रास असेल म्हणून क्रीम लावत राहिले. शेवटी पॅच टेस्टमध्ये हेमा निघालं. नेल जेलमध्ये ते असतं, आणि स्किनच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथं सांगितलं की दाताच्या डॉक्टरांनाही हे कळवा, फिलिंग दाताला चिकटवायच्या बाँडिंगमध्येही हेच असतं. तोवर असलं काही डोक्यातही आलं नव्हतं.

आता माझ्या दाढांत साधं ग्लास आयनोमर आहे. हिरडीजवळचं उत्तम टिकलंय. चावायच्या जागेवरचं झिजलं आणि पुन्हा भरावं लागलं. मला ते चालतं. कुणी घरी दिवा आणून नेल्स करत असेल तर कातडीला जेल लागू देऊ नका. पातळ हातमोज्यांतूनही ते काही मिनिटांत आत जातं.

औंधकर
प्रज्ञाताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून प्रत्येक पार्लरमध्ये लावावा असा आहे.

कराडचा_दंतवैद्य
प्रज्ञाताईंनी "साधं" म्हटलंय ते फार महत्त्वाचं. ग्लास आयनोमरचे दोन प्रकार आहेत. साधं म्हणजे काचेची भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल, मिसळलं की आपोआप घट्ट होतं. दुसऱ्यात रेझिन (कॉम्पोझिटमध्ये असतं तसलं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) मिसळलेलं असतं, त्यावर निळा लाइट मारावा लागतो, आणि त्यात हेमा असतं. एकाच कंपनीची दोन्ही असतात, नावं सारखी: फुजी नऊ साधं, फुजी दोन एलसी रेझिनवालं. ज्यांना हेमा चालत नाही त्यांनी नुसतं "ग्लास आयनोमर भरा" असं सांगू नये. डॉक्टरांनी भरल्यावर निळा लाइट उचलला तर लगेच विचारावं.

साध्या ग्लास आयनोमरला पहिला दिवस जपावा लागतो. सुरुवातीला लाळ लागू द्यायची नाही आणि कोरडंही पडू द्यायचं नाही, म्हणून वर व्हॅसलीन किंवा वार्निश लावतात. त्या बाजूनं दुसऱ्या दिवसापर्यंत कडक काही चावू नये. ते फ्लोराइड सोडतं, दाताला स्वतःहून चिकटतं, त्यामुळं बाँडिंगची गरज लागत नाही. मोठ्या दाढेत, दोन दातांच्या मधल्या खाचेत मात्र ते कॉम्पोझिटइतकं मजबूत नाही. हे पेशंटला आधी सांगितलं म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

वाईकर
आणि कॉम्पोझिटमधलं बीपीए? प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं नको म्हणतो आणि दातात तेच भरतो!

कराडचा_दंतवैद्य
प्रश्न रास्त आहे. बिस-जीएमए तयार करताना बीपीए वापरतात, त्यामुळं अंश राहू शकतो. सुटतं ते फार थोडं, आणि मुख्यतः भरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. ते आणखी कमी करणं आपल्या हातात आहे. साधं कॉम्पोझिट दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि प्रत्येक थर लाइटनं पूर्ण पक्का करायचा. घाईत जाड थर भरला तर तळाशी कच्चं रेझिन राहतं. सगळं झाल्यावर वरचा चिकट थर राहतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळं तो पक्का होत नाही. तो पॉलिश करून काढायचा, पेशंटला खळखळून चूळ भरून थुंकायला लावायची. रसायनं न सोसणाऱ्या माणसासाठी मटेरियलच्या नावाइतकंच डॉक्टरचा हात आणि वेळ महत्त्वाचा आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो.

हळदबाजार
सोनंच भरा की! आपली सांगली हळदीची, दातही पिवळेच शोभतील. 😀

मिरजकर_काका
भाव बघितलास का? मग दाढ घरी ठेवून जेवायला जावं लागेल.

डॉ_अबोली
😊 सोन्याच्या मिश्रणात पॅलेडियम, तांबं असतं, आणि निकेल न सोसणाऱ्या पुष्कळांना पॅलेडियमही सोसत नाही. तेव्हा सोनं म्हणजे निर्धोक असंही धरू नका.

कृष्णाकाठी
परदेशात म्हणे रक्ताचा नमुना घेऊन शेकडो मटेरियलची यादी देतात, हे चालेल, ते चालणार नाही अशी. माझ्या मैत्रिणीनं पैसे भरले होते. ते करावं का?

डॉ_अबोली
माझं स्पष्ट मत, करू नका. फिलिंगची ॲलर्जी बहुतेक वेळा उशिरा उमटणारी असते, पेशींमार्फत होणारी. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ती कळत नाही. अशा याद्यांना भक्कम आधार नाही. त्या यादीत "चालेल" म्हणून लिहिलेलं न सोसणारं निघालं तर त्रास तुमच्या मैत्रिणीला होणार.

आणखी एक, फार कळकळीनं. दवाखान्यातून बाँडिंगचा थेंब आणून घरी हातावर लावून बघू नका. असं करणारे लोक भेटलेत. जाड, कच्चं रेझिन कातडीवर ठेवलं तर आधी नसलेली ॲलर्जी नव्यानं जडू शकते. आमच्या संचात हेमा व्हॅसलीनमध्ये २ टक्केच असतं, त्यामागं हेच कारण आहे.

औंधकर
मला वेगळंच विचारायचंय. पॅच टेस्ट कोरी आली तर? माझ्या बायकोची कोरी आली, तरी दवाखान्यात शिरलं की तिला मळमळतं, छाती भरून येते. मग डॉक्टर म्हणतात काही नाही तुम्हाला.

डॉ_अबोली
कोरी टेस्ट म्हणजे त्रास खोटा असा अर्थ होत नाही. वासानं होणारा त्रास वेगळ्या मार्गानं होतो, पॅच टेस्ट तो मोजतच नाही. पण त्याचा फायदा असा की मटेरियल निवडायला तुम्ही मोकळे आहात, सांभाळायचा आहे तो वास. सकाळची पहिली वेळ घ्या. खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. रूम फ्रेशनर नको, आदल्या दिवशी फिनेलनं पुसलेलं नको. कवळीचं ॲक्रिलिक त्या खोलीत कालवत असतील तर दुसरा दिवस मागा. रबर डॅम लावला की बाँडिंग घशाकडे ओघळत नाही. फक्त तो लॅटेक्सचा नसलेला मागा, फुगे किंवा हातमोज्यांनी खाज येत असेल तर नक्कीच.

आणि भरल्यावर गार पाण्यानं कळ येणं ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी गालाच्या किंवा हिरडीच्या कातडीवर दिसते: एकदोन दिवसांनी लाली, जळजळ, किंवा महिन्यांनी फिलिंगला टेकणाऱ्या जागी पांढऱ्या जाळीसारखे चट्टे. असा चट्टा चांदीला टेकून असेल आणि पाऱ्याची टेस्ट पॉझिटिव्ह असेल, तर वाईकर, तिथं मी स्वतः चांदी काढायला सांगते.

वाईकर
हे पटलं. सरसकट काढण्यापेक्षा हा निकष चांगला आहे.

सायली_सांगली
मंडळी, थंडीत पॅच टेस्ट झाली, म्हणून धागा वर आणते. निकेल जोरात पॉझिटिव्ह. पीपीडी पॉझिटिव्ह. सुगंधी मिश्रण आणि युजेनॉल पॉझिटिव्ह. हेमा, बिस-जीएमए, पारा, तिन्ही कोरे.

म्हणजे ज्या कॉम्पोझिटला मी घाबरत होते त्याला हरकत नाही. तात्पुरतं सिमेंट, बधिर करायचं जेल आणि कॅपमधला धातू या तीन गोष्टी मला कुणी विचारल्याही नव्हत्या, आणि जपायचं नेमकं त्यांनाच आहे. कागद घेऊन विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचला, ड्रॉवर उघडून तात्पुरत्या सिमेंटची बाटली दाखवली आणि लेबलवर युजेनॉल कुठं लिहिलंय तेही दाखवलं. मग बाटली परत ठेवून दिली.

वासाचा त्रास आहे म्हणून वरच्या दाढेतल्या लहान किडीपासून सुरुवात केली. कॉम्पोझिटच, पातळ थरांनी. सकाळची पहिली वेळ, पंखा, खिडकी. डोकं थोडं धरलं, संध्याकाळी उतरलं. गाल स्वच्छ आहे. खालच्या दाढेतली चांदी रबर डॅम लावून काढली. तिची एक भिंत पातळ झालीय, डॉक्टर म्हणतात कॅप घालावी लागेल. त्यासाठी काय सांगू?

कराडचा_दंतवैद्य
झिर्कोनियाची (एक मजबूत सिरॅमिक) सांगा, आत धातू नसतो. चिकटवायला साधं ग्लास आयनोमर सिमेंट चालतं. झिर्कोनियासाठी रेझिनच लागेल असं नाही, दाढेची उंची पुरेशी असली की झालं. कायमची कॅप येईपर्यंत जी तात्पुरती बसवतात ती युजेनॉल नसलेल्या सिमेंटनं चिकटवायला सांगा, ही जागा हमखास विसरली जाते. आणि काय भरलं, कुठल्या कंपनीचं, बॅच नंबर काय, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दहा वर्षांनी गाव बदललं तरी तो कागद कामी येतो.

औंधकर
जाता जाता, आईला कवळी करायची आहे, तिचीही कातडी नाजूक आहे. तिथं काय बघावं?

कराडचा_दंतवैद्य
उष्णतेनं पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकची करून घ्या, थंडच घट्ट होणाऱ्यात कच्चं मोनोमर, म्हणजे घट्ट न झालेलं द्रव्य, जास्त उरतं. लॅबमधून आली की एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं, मगच तोंडात घालायची. आणि दुरुस्ती निघाली तर तोंडातच थंड ॲक्रिलिक लावून घेऊ नका, लॅबमध्ये पाठवायला सांगा.

औंधकर
आभार. सोमवारी माप द्यायला जातोय, हे दाखवतो त्यांना.